धुराचा हिशेब

ता. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायर परगण्यांतलें रॅटक्लिफ येथील वीजकेंद्र बंद झालें, आणि दगडी कोळशापासून वीज काढण्याचा ब्रिटनचा उद्योग संपला. त्याचा आरंभ १८८२ मध्यें लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टपाशीं झाला होता. ज्या राष्ट्रानें जगास कोळशाचें युग दाखविलें, त्यानेंच १४२ वर्षांनीं आपल्या वीजघरांतून कोळशास निरोप दिला. राष्ट्राचा धूर कमी करावयास खर्च किती येतो व तो कोणाच्या पदरीं पडतो, हे दोन प्रश्न यांतून उद्भवतात.

पहिल्याचें उत्तर सर निकोलस स्टर्न यांनीं २००६ च्या आपल्या अहवालांत दिलें होतें. धुरास आळा घालण्यास जगाच्या वार्षिक उत्पन्नाचा शेंकडा एक भाग लागेल. स्वस्थ बसल्यास मात्र निदान शेंकडा पांच, कदाचित् वीसपर्यंतहि, हानि सोसावी लागेल, असा त्यांचा हिशेब. भावी पिढ्यांच्या हानीचें आजचें मोल त्यांनीं फार धरलें, असा आक्षेप अमेरिकेंतील नॉर्डहाउस प्रभृति पंडितांनीं घेतला. तरीहि २००८ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून राष्ट्रास बांधून घेतलें. आज तेथील उत्सर्जन १९९० च्या मानानें सुमारें निम्म्यावर आलें असून राष्ट्रीय उत्पन्न त्या काळांत पुष्कळच वाढलें आहे. अर्थात् परदेशांतून येणाऱ्या मालामागचा धूर या हिशेबांत येत नाहीं, हें विसरतां कामा नये.

पण शेंकडा एक ही सरासरी झाली, आणि सरासरीनें कोणाचेंहि घर चालत नाहीं. १९२० च्या सुमारास ब्रिटनच्या खाणींत दहा लाखांहून अधिक मजूर राबत होते. १९८४-८५ चा संप मोडल्यावर उरल्यासुरल्या खाणी भराभर मिटल्या. त्या वेळीं कारण नफातोट्याचें होतें, हवेचें नव्हे. परंतु दुसरा उद्योग वेळेवर न मिळाल्यानें कित्येक गांवें जीं खचलीं, तीं पुनः सांवरलीं नाहींत.

रॅटक्लिफ बंद झालें त्याच दिवशीं वेल्समधील पोर्ट टालबट येथें आपल्या टाटांच्या पोलाद कारखान्यांतील शेवटची झोतभट्टी विझली. तोटा आणि धूर हीं दोन्ही कारणें पुढें होतीं. विजेच्या भट्टीसाठीं सरकारनें पन्नास कोटि पौंड देऊं केले, तरी सुमारें २,८०० नोकऱ्यांवर गदा आली. उलट, वीजघरांतला कोळसा बंद करण्याचा निर्धार सरकारनें २०१५ सालींच जाहीर केल्यामुळें रॅटक्लिफला तयारीस नऊ वर्षें मिळालीं.

भारतानें २०७० ची मुदत स्वीकारली आहे. चंद्रपुरास, जेथें खाण आणि वीजकेंद्र यांवर हजारों संसार उभे आहेत, तिचा अर्थ आतांच सांगितला पाहिजे. खर्च कोणासहि टळत नाहीं. आगाऊ सूचना दिल्यास तो सर्वांत वांटला जातो, न दिल्यास दुबळ्याच्या एकट्याच्या माथीं बसतो.