नाताळचा पडदा : फाळके ते ‘दयासागर’

भांडगावात आमच्या घरी नाताळच्या सायंकाळी कोणता चित्रपट लावावा, यावर दरवर्षी वाद होतो. मुलांना ‘होम अलोन’ हवा असतो, वडीलधाऱ्यांना ‘दयासागर’. या वादाला मुंबईचे एक जुने पान जोडावेसे वाटते.

गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. कोणी तो 1910 चा नाताळ मानतात, कोणी 1911 चा ईस्टर. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो दाखविला. प्रभूचे चरित्र डोळ्यांपुढून सरकत असता आपल्या मनात गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे फाळक्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मग 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यासाठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. 1918 च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. गव्हाणीतले बाळ पाहून आलेल्या घराने गोकुळातले बाळ पडद्यावर आणले, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्त मात्र परदेशी चेहऱ्याचा होता. आमच्या घरात त्याला भारतीय चेहरा मिळाला तो ‘दयासागर’मुळे. 1978 च्या तेलुगू ‘करुणामयुडू’चे हे हिंदी रूप, प्रभूची भूमिका विजयचंदर यांची. 1990 चा ‘होम अलोन’ हसवतो खरा, पण त्यातला एकटा मुलगा नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये जातो आणि मुलापासून दुरावलेल्या शेजारी म्हाताऱ्याशी बोलतो, तो प्रसंग वडीलधाऱ्यांनी बहुधा पाहिलेलाच नाही. यंदा आम्ही त्यांना तेवढ्यापुरते तरी बसविणार आहोत.