तालुक्याच्या कोर्टातून घटस्फोट आणि पोटगीचे कागद कसे मिळवायचे?

पोटगीचा हुकूम झाला, पण त्याची प्रमाणित प्रत हातात नाही. घटस्फोट होऊन सहा वर्षे झाली, पण हुकूमनामा वकिलांकडेच राहिला आणि आता वकील सापडत नाहीत. आम्ही गावागावांतल्या महिला मंडळांबरोबर काम करतो, तेव्हा अशा तक्रारी सतत येतात. कागद नसेल तर पोटगीची वसुली अडते. शिधापत्रिकेतून नाव वेगळे करता येत नाही, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज परत येतो, पुनर्विवाहाच्या वेळी अडचण उभी राहते. हे कागद मिळवणे अवघड नाही. कोणत्या खिडकीवर काय मागायचे, एवढेच माहीत हवे. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

कागद नेमका कोणत्या कोर्टात असतो?

कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरासाठी कुटुंब न्यायालय स्थापन करणे या कायद्याने राज्य सरकारवर बंधनकारक आहे. इतर भागांत सरकारला गरज वाटेल तिथे ते स्थापन होते. त्यामुळे बहुतेक तालुक्यांत कुटुंब न्यायालय नाही. तिथे एकाच संसाराचे कागद वेगवेगळ्या कोर्टांत विखुरलेले असतात.

- घटस्फोट, नांदायला येण्याचा दावा, विवाह रद्द करण्याचा अर्ज: दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. हे कोर्ट प्रत्येक तालुक्याला नसते, शेजारच्या मोठ्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला असू शकते.
- पोटगी: प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांवर फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ लिहिलेले असते, नंतरच्या प्रकरणांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४.
- कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज (२००५ चा कायदा): हाही न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच, पण त्याची फाईल आणि क्रमांक वेगळा.

म्हणून कोर्टात जाऊन नुसते “माझी केस बघा” म्हटले तर पंचाईत होते. घटस्फोटाची की पोटगीची, हे आधी ठरवा.

जिथे कुटुंब न्यायालय नंतर सुरू झाले, तिथे त्या हद्दीतली चालू प्रकरणे त्या न्यायालयाकडे वर्ग झालेली असतात आणि त्यांचा क्रमांक बदललेला असतो. जुन्या क्रमांकावर फाईल सापडली नाही तर ती कुठे वर्ग झाली, ते विचारा. जिल्हे बदलले तिथेही हे लक्षात ठेवा. वाशीम १९९८ साली अकोल्यातून आणि हिंगोली १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या प्रकरणांसाठी जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी लागते.

“आम्ही बौद्ध, मग फाईलवर ‘हिंदू विवाह अर्ज’ का?”

हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक वेळी विचारला जातो. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २ प्रमाणे तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. विवाह बौद्ध पद्धतीने झाला असला तरी घटस्फोटाचे प्रकरण सहसा याच नावाखाली नोंदले जाते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल तर गोष्ट वेगळी. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा, ही मागणी समाजात आहे आणि तिच्यावर बोललेच पाहिजे. पण आज फाईल शोधायची असेल तर ‘हिंदू विवाह अर्ज’ याच रकान्यात शोधावी लागेल.

दुसरी गोष्ट कटू आहे. पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर लिहिलेल्या फारकतीची कोर्टात कोणतीही नोंद नसते. अशा फारकतीला आधार देणारी रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते आणि ते सोपे नाही. अनेक बहिणी वर्षानुवर्षे “घटस्फोटाचा कागद” शोधत राहतात, प्रत्यक्षात घटस्फोट झालेलाच नसतो. विहारात बैठक घेऊन समेट जरूर करा. पण वेगळे व्हायचे ठरले तर कोर्टाचा हुकूमनामा घ्या.

क्रमांक कसा शोधायचा?

प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो माहीत असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर टाकताच पुढची तारीख, कोर्ट आणि टप्पा दिसतो. नसेल तर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. संकुल चुकले तर प्रकरण दिसत नाही, म्हणून जवळपासची संकुलेही तपासा.

आपल्या समाजात नावांचा घोळ जास्त होतो. धम्मदीक्षेनंतर काही कुटुंबांनी आडनाव बदलले, लग्नानंतर बाईचे नाव बदलते आणि इंग्रजी स्पेलिंग कारकुनागणिक वेगळे असते. माहेरचे नाव, सासरचे नाव, जुने आडनाव आणि नवऱ्याचे नाव अशा चारही प्रकारे शोधा. वैवाहिक प्रकरणांतले आदेश खासगीपणामुळे संकेतस्थळावर दिसले नाहीत तर घाबरू नका, प्रत कोर्टातून मिळते. मोबाईल जमत नसेल तर न्यायालय संकुलातल्या ई-सेवा केंद्रात विचारा. खूप जुन्या प्रकरणांसाठी निकालाचे साल आणि जुने समन्स, वकीलपत्र किंवा तारखेची चिठ्ठी असे जे हाती असेल ते घेऊन जा.

नक्कल अर्ज कसा करायचा?

१. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज मिळतो. पक्षकाराला तो स्वतः करता येतो, वकील लागतोच असे नाही. सही येत नसेल तर अंगठा चालतो.
२. अर्जात प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, साल, दोन्ही पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख लिहा.
३. काय हवे ते स्पष्ट लिहा: निकालपत्र, हुकूमनामा, अंतरिम आदेश, रोजनामा किंवा अमुक निशाणीचा कागद. “सगळी फाईल” मागितली तर खर्चही वाढतो आणि वेळही.
४. ‘प्रमाणित प्रत’ असेच लिहा. साध्या झेरॉक्सला सरकारी कार्यालयात किंमत नाही.
५. शुल्क भरल्याची पावती आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. प्रत तयार झाली का, हे त्याच क्रमांकावर कळते.

निकाली प्रकरणे ठरावीक मुदतीनंतर अभिलेख कक्षात जातात आणि काही कागद नियमाप्रमाणे नष्टही केले जातात. म्हणून प्रत आजच घेतलेली बरी.

कोणत्या प्रती फुकट मिळतात?

- घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत दोन्ही पक्षकारांना मोफत: हिंदू विवाह कायदा, कलम २३(४).
- पोटगीच्या आदेशाची प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला मोफत: पूर्वीचे कलम १२८, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४७.
- कौटुंबिक हिंसाचार प्रकरणातल्या आदेशाची प्रत पक्षकारांना मोफत: त्या कायद्याचे कलम २४.

ही सवलत नाही, हक्क आहे. अर्जावर संबंधित कलम लिहा आणि “मोफत प्रत मिळावी” असे नमूद करा. त्याच आदेशाच्या जादा प्रतींना मात्र शुल्क पडते.

उशीर का परवडत नाही?

थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी वॉरंट हवे असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्रतीची वाट पाहत दोन वर्षे गेली तर आधीच्या महिन्यांची रक्कम या मार्गाने मिळणे अवघड होते. नवरा पुण्या-मुंबईला निघून गेला असेल तर तो राहतो तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अंमलबजावणी मागता येते, आणि तिथे हीच प्रत दाखवावी लागते. अपील करायचे असेल तर नकलेचा अर्ज मुदतीतच द्या. नक्कल तयार होण्यात लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात.

दुसऱ्या कोणाला हे कागद मिळतात का?

वैवाहिक प्रकरणे बंद दालनात चालतात आणि त्यातला मजकूर छापण्यावर बंधन आहे. त्रयस्थाला कारण देऊन कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. सोयरीक जमवताना “आधीच्या केसची फाईल काढून आणा” म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हुकूमनामा संबंधित व्यक्तीकडूनच मागावा. माहिती अधिकाराचा अर्जही इथे उपयोगी पडत नाही. न्यायालयीन कागदांच्या प्रती कोर्टाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे.

मदत कुठे मिळते?

तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे दाखला असलेल्या आपल्या बांधवांनाही हा हक्क आहे. १५१०० ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. नक्कल विभागात अर्ज घेत नसतील तर समितीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

महिला मंडळांना आमची एक विनंती आहे. वर्षावासात विहारात सगळे जमतात, तेव्हा एक दिवस या कामासाठी ठेवा. ज्या बहिणींचे निकाल झाले आहेत त्यांची यादी करा, क्रमांक शोधा, अर्ज भरून द्या आणि दोघी-तिघींनी मिळून तालुक्याला जा. प्रत आली की तिच्या झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत त्या बहिणीच्याच ताब्यात द्या, वकिलाच्या किंवा भावाच्या नाही.