दिनविशेष : ३१ जुलै
डुबॉईस यांचे बाबासाहेबांना उत्तर

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्राला उत्तर पाठवले. निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृतांच्या परिषदेत बोललेले बाबासाहेब आता अस्पृश्यांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपर्यंत नेण्याच्या विचारात होते. त्यासाठी कृष्णवर्णीयांनी तेथे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांनी मागितल्या होत्या. डुबॉईस यांनी ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’च्या अर्जाची प्रत सोबत धाडली.

पुढे अमेरिकेत कम्युनिस्टांच्या धास्तीने कहर केला. समता मागणाराही मॉस्कोचा हस्तक ठरू लागला. शांततेचा प्रचार केला म्हणून फेब्रुवारी १९५१ मध्ये ८२ वर्षांच्या डुबॉईस यांना ‘परकीय हस्तक’ असल्याचा आरोप ठेवून कोर्टात हातकड्या घातल्या. एका विद्वानाची ही विटंबना आजही चीड आणते. नोव्हेंबरात ते निर्दोष सुटले, पण पासपोर्ट १९५८ पर्यंत अडवून ठेवला गेला. बाबासाहेब स्वतः कम्युनिस्टांचे कडवे टीकाकार होते, हेही इथे नोंदवायला हवे. १७ मे १९५४ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हाही डुबॉईस यांना देशाबाहेर जाण्याची मुभा नव्हती.