लाल रंगापायी आलेला कॅक्टस

आजची गोष्ट एका लाल गोळ्यापासून सुरू होते. अमरावतीच्या एका नर्सरीतून मी तो घेतला होता. खाली हिरवा दांडा, वर लालभडक टोपी. अकोल्याला घरी आणला तर आजी म्हणाली, "हे काटे तं आपल्या धुऱ्यावर फुकट हायेत. पैसे देऊन काहून आणलं बापा?"

आजी अर्धी बरोबर होती. धुऱ्यावरचा थोर मोडला की पांढरा चीक निघतो. तो एरंडाच्या कुळातला, कॅक्टस नाहीच. पण नागाच्या फणीसारखा पसरट फड्या निवडुंग मात्र अस्सल कॅक्टस. आणि कॅक्टसचं जवळपास सगळं कूळ अमेरिका खंडातलं. मग तो आपल्याकडे आला कसा?

लाल रंगापायी! मेक्सिकोत फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचे किडे पाळायचे आणि ते वाळवून किरमिजी रंग काढायचे. हा धंदा स्पेनच्या मुठीत होता. ईस्ट इंडिया कंपनीला तो हवा होता. मद्रासमध्ये जेम्स अँडरसन नावाच्या डॉक्टरने त्यासाठी निवडुंगाची लागवड केली. १७९५ मध्ये ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आलेही, पण ते निघाले भलत्याच जातीचे. रंग हलका निघाला. वर त्या किड्यांनी निवडुंगाची एक अख्खी जात देशाच्या मोठ्या भागातून खाऊन साफ केली. किड्याने तण संपवल्याचं हे जगातलं सगळ्यात जुनं मोठं उदाहरण मानतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर चुकीची फाइल डिप्लॉय झाली आणि भलताच बग फिक्स झाला!

आता माझा लाल गोळा. १९४१ च्या सुमारास जपानमध्ये वातानाबे नावाच्या माणसाने जिम्नोकॅलिशियम या छोट्या कॅक्टसचं बी पेरलं. हिरव्या रोपांच्या गर्दीत काही लाल रोपं निघाली. त्यांच्यात हरितद्रव्यच नव्हतं, म्हणजे स्वतःचं अन्न बनवता येत नव्हतं. अशी रोपं थोड्या दिवसांत मरतात. त्याने ती हिरव्या कॅक्टसवर कलम केली आणि ती जगली. आज नर्सरीत दिसणाऱ्या लाल टोपीखालचा तिधारी दांडा बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला असतो. दांडा सडला की टोपी गेली. माझी पहिल्याच पावसाळ्यात गेली.

मग मी बियांकडे वळलो. मॅमिलेरियाला बारक्या मिरचीसारखी लाल फळं येतात. ती फोडून बी धुतलं, सावलीत वाळवलं. खसखशीएवढं बी! जाड वाळूत थोडं चाळलेलं कंपोस्ट मिसळलं, त्यावर उकळतं पाणी ओतून ते थंड होऊ दिलं, म्हणजे बुरशी कमी लागते. बी वरच भुरभुरलं, पुरलं नाही, कारण त्याला उजेड लागतो. वर पारदर्शक डब्याचं झाकण. थेट ऊन नको. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, थंडी पडायच्या आत पेरलेलं बरं. पावसाळ्यात बुरशी खाते, मे महिन्यात अकोल्याचं ऊन भाजून काढतं. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. वर्षभराने रोप किती मोठं? तुरीच्या दाण्याएवढं, फार तर वाटाण्याएवढं.

एवढा वेळ कोणाला आहे? इथेच खरी गोम आहे. वेळ नसलेले लोक वाळवंटातली अनेक वर्षांची झाडं उपटून विकतात. १९७५ मध्ये साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला आणि जवळपास सगळं कॅक्टसचं कूळ त्याच्या देखरेखीखाली आलं. तरी २०१५ च्या एका जागतिक अभ्यासात ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. जमिनी शेतीखाली जाणं हे एक कारण, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी होणारी चोरी हे दुसरं.

म्हणून ऑनलाइन कोणी जुना, दुर्मिळ, 'जंगलातला' कॅक्टस विकत असेल तर आधी विचारा, हा बियांपासून केलेला आहे का? उत्तर गोलमोल आलं तर पुढे स्क्रोल करा.

माझ्या डब्यात सध्या तेवीस रोपं आहेत. आजी रोज झाकण उघडून पाहते आणि म्हणते, "वाढतच नाही राजा हे!" वाढतंय, आजी. त्याच्या चालीने वाढतंय.

भेटू पुढच्या भागात.