पोर्तुगीज चर्च, गव्हर्नरचं जेवणघर आणि आमचं रिसेप्शन

आजचा एपिसोड जरा घरचा आहे, कारण माझं लग्न ठरलंय. मी काळाचौकीचा, ती माझगावची, ईस्ट इंडियन कॅथलिक. लग्न चर्चमध्ये आणि रिसेप्शन गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका जुन्या लाकडी बंगल्यात, असा आमचा प्लॅन. आमचा म्हणजे आम्हा दोघांचा.

चर्चला आईची हरकत नाही. तिचं अडलंय ते रिसेप्शनवर. "आपल्या चाळीचं अंगण सोडून परक्याच्या घरात पंगत कशाला?" बाबा गप्प. ते गप्प असले की मत आईच्या बाजूने पडलंय असं समजायचं.

मी इंजिनिअर, वाद झाला की डेटा शोधतो. चर्च आणि जेवणावळ एकत्र आल्याचं उदाहरण जवळपास आहे का? आहे, आणि तेही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट. केईएमला जाता-येता तुम्ही त्या गेटवरून शंभरदा गेला असाल.

तिथे आधी पोर्तुगीज काळातला मठ होता, सोबत प्रार्थनागृह. जेझुइट पाद्र्यांची ही जागा इंग्रजांनी १७१९ च्या सुमारास जप्त केली. पुढे ते गव्हर्नरचं घर झालं. विल्यम हॉर्नबी १७७१ मध्ये तिथे राहायला गेला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात घर वाढवलं गेलं. आणि प्रार्थनागृहाचं काय झालं? जेवणाचा मोठा हॉल! वरच्या मजल्यावर नाचाचा हॉल. म्हणजे जिथे एकेकाळी प्रार्थना चालायची, तिथे साहेब लोकांच्या मेजवान्या झडायला लागल्या. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला, तेव्हा त्याचा मुक्कामही परळलाच होता.

हे वैभव फार टिकलं नाही. गिरण्या वाढल्या, परळची हवा बदलली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा कॉलऱ्याने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नर मलबार पॉइंटला राहायला गेले. मग आला प्लेग. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा या रिकाम्या बंगल्यात आली. १९२५ मध्ये तिला त्याचं नाव मिळालं. मठ, गव्हर्नरचा बंगला, लॅब! एवढी व्हर्जन्स आमच्या कुठल्या ॲपचीही झाली नसतील.

मी हे सगळं आईला जेवताना रंगवून सांगितलं. बघ, आपल्या परळमध्ये चर्चमध्येच मेजवानी व्हायची, आपण तर वेगळ्या घरात करतोय. आईने भाकरी मोडली आणि विचारलं, "त्या पाद्र्यांना विचारलं होतं का कुणी?"

नाही. जागा जप्त झाली होती.

"मग तुझ्या त्या बंगल्यातल्या बाईंना विचारलंस का?"

खरं सांगू? मी विचारलं नव्हतं. बंगल्याचे फोटो सेव्ह केले होते, डेकोरेशनचा बोर्ड बनवला होता. त्या घरात माणसं राहतात हे माहीत होतं, पण ते माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं. खोताची वाडी म्हणजे माझ्या डोक्यात बॅकग्राउंड. दादोबा वामन खोत यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना जागा विकल्या, त्यातून ही वस्ती उभी राहिली. आता त्यातले थोडेच बंगले उरलेत, बाकीच्यांच्या जागी इमारती आल्या. उरलेल्यांच्या व्हरांड्यात रोज कोणीतरी उभं राहून सेल्फी काढतं.

जागा जाण्याचा अनुभव तिच्या घरच्यांनाही आहे. त्यांचं ग्लोरिया चर्च मुळात माझगावातलं. १५७२ मध्ये पोर्तुगालच्या राजाने माझगाव डिसूझा घराण्याला दिलं, त्यांनी १६३२ मध्ये ते बांधलं. ते जुनं चर्च १९११ मध्ये पाडलं गेलं आणि भायखळ्याला आजचं उंच मनोऱ्याचं चर्च उभं राहिलं. तिच्या घरी अजून "आमचं माझगावचं चर्च" असंच म्हणतात, पत्ता भायखळ्याचा असला तरी.

चर्चचं काम तसं सरळ आहे, पण परवानग्या भरपूर. मी ख्रिश्चन नाही म्हणून बिशपांची वेगळी परवानगी. शिवाय १८७२ चा भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा सांगतो की विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच व्हायला हवा, खास परवाना असेल तरच सूट. आदल्या रात्री तिच्याकडे उंबराचं पाणी, आमच्याकडे हळद. दोन्हीकडे अंघोळ आहेच.

गेल्या रविवारी आम्ही दोघं त्या आंटींना भेटलो. बाहेरचा जिना चढून वर गेलो, चहा झाला. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "घर भाड्याने देत नाही मी. पण तुमचं लग्न आहे, तर बघू," म्हणाल्या. मग अटी. वरच्या मजल्यावर नाचायचं नाही, फळ्या जुन्या आहेत. मांडव अंगणातच. दहाला म्युझिक बंद. माणसं जास्तीत जास्त ऐंशी. आणि शेवटची अट, "तुझ्या आईला एकदा घेऊन ये."

काल आईला नेलं. दोघी तासभर माशांवर बोलल्या, आम्ही दोघं व्हरांड्यात उभे. परतताना टॅक्सीत आई एवढंच म्हणाली, की अंगण आपल्यापेक्षा लहान आहे.

यादीत सध्या एकशे चाळीस नावं आहेत. मी हे रेकॉर्ड करतोय आणि आई बाजूच्या खोलीत लाल पेन घेऊन बसलीय.