पर्जन्यजलसंचय, परसबागेसाठी

घराच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींवाटे एकत्र करून, ते रांजण, पिंप, हौद किंवा टाके यांत साठवून, पुढे परसातील भाजी, फुलझाडे व फळझाडे यांच्या शिंपणास वापरण्याची पद्धती. पिण्याच्या पाण्यासाठी करावयाच्या संचयाहून ही सोपी, कारण गाळण्याची व निर्जंतुक करण्याची दगदग येथे बहुतांशी टळते; मात्र कच्ची खाण्याची पालेभाजी असल्यास हे पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशीच घालावे.

पश्चिम भारतात ही विद्या जुनी आहे. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतून विहारांच्या दाराशी कातळात कोरलेली टाकी व त्यांकडे डोंगरउतारावरचे पाणी वळविणाऱ्या चऱ्या आजही पाहावयास मिळतात. तेथील प्राकृत शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ हा शब्द योजलेला असून त्यांचे दान पुण्यकृत्य म्हणून नोंदलेले आहे. सह्याद्रीतील किल्ल्यांवर शिबंदीची तहान भागविण्याची मुख्य भिस्त अशाच टाक्यांवर असे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारामध्ये पाऊस मोजण्याचे पात्र ठेवण्याची तजवीज सांगून निरनिराळ्या देशांच्या पर्जन्याची मापे दिली आहेत. त्यांत अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस मात्र अमित म्हणून सोडून दिला आहे, आणि आषाढात कोकणात एखादा पंधरवडा काढलेला मनुष्य या निवाड्याविरुद्ध तक्रार करील असे वाटत नाही.

संचयाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. त्यातील काही कौलांत मुरते, काही उडून जाते, म्हणून हाती येणारे पाणी सुमारे 80 टक्के धरावे, पत्र्याच्या छपरास थोडे अधिक. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस धरल्यास 50 चौरस मीटरच्या छपरावरून 28,000 लिटर पाणी मिळू शकते. आता खर्चाची बाजू पाहावी. वीस चौरस मीटरच्या बागेस चौरस मीटरमागे दररोज चार लिटर पाणी लागते असे मानले, तर कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या सुमारे 240 कोरड्या दिवसांचा खर्च 19,200 लिटर होतो. आमदानी खर्चाहून अधिक आहे, हे खरे. परंतु ती सारी चार महिन्यांत येते आणि खर्च उरलेल्या आठ महिन्यांत करावयाचा असतो, म्हणून खरी अडचण पावसाची नसून साठवणीची आहे.

इंग्लंडसारख्या, बारमाही थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या देशांत वळचणीखाली ठेवलेले एखादे पिंप बागेस उपयोगी पडते, कारण ते रिकामे होते न होते तोच पुन्हा भरते. तेथील बागकामाच्या पुस्तकांतून हा शिरस्ता आपल्याकडे जसाच्या तसा उचलला गेला, हे फारसे शहाणपणाचे झाले नाही. दोनशे लिटरचे पिंप वरील छपराखाली अवघ्या पाच मिलिमीटरच्या सरीत भरते व वरील बागेस अडीच दिवस पुरते. म्हणजे श्रावणात बागेला पाणी नको असताना ते तुडुंब आणि चैत्रात हवे असताना ठणठणीत कोरडे. पावसाने ओढ दिली असता रोपे जगविणे आणि कुंड्यांतील नाजूक झाडांस चांगले पाणी देणे, एवढ्यापुरताच पिंपाचा उपयोग समजावा. दुसरा उपयोग क्षुल्लक नाही: पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प असतात, त्यामुळे मचूळ विहिरीचे पाणी घालून कुंड्यांच्या काठावर जी पांढरी पुटे चढतात ती याने चढत नाहीत. उन्हाळाभर बाग राखावयाची असेल तर तीन मीटर लांब, तितकाच रुंद व दोन मीटर खोल, म्हणजे 18,000 लिटरचा, हौदच बांधावा लागतो, आणि इतकी जागा व पैसा ज्याच्यापाशी नाही त्याने जादा पाणी सांडव्यावाटे विहिरीकडे किंवा झाडांच्या आळ्यांकडे वळवून वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे.

कोकणात पन्हळीसाठी पूर्वी पोफळीचे खोड उभे चिरून पोखरून वापरीत; आता पत्रा किंवा प्लास्टिक वापरतात. पहिल्या पावसाबरोबर छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा व पाचोळा खाली येत असल्यामुळे हौदात पडणारा नळ बाजूस सारता येईल असा ठेवून आरंभीचे दोनएक मिलिमीटर पाणी, म्हणजे वरील छपराचे शंभर लिटर, बाहेर सोडावे. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते. तेव्हा टाकीखालचा ओटा भक्कम हवा, आणि तोटीखाली झारी बसेल इतका उंचही. नव्या सिमेंटच्या हौदातील पहिले पाणी चुन्याच्या अंशामुळे रोपांना मानवत नाही, ते एकदोनदा भरून सोडून द्यावे.

उघडे पाणी हे डासांचे आगर होय. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठदहा दिवस पुरतात, म्हणून तोंडावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी हवीच. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणे हा चांगला उपाय आहे. झाकणामुळे उजेडही अडतो व शेवाळ धरत नाही. तळाचा गाळ उपसणे आणि पन्हळी झाडणे ही कामे मृग नक्षत्र लागण्यापूर्वी उरकावीत. सर सुरू झाल्यावर शिडी लावून निसरड्या कौलांवर चढणे धोक्याचे असते.