त्या उन्हाळ्यातली भाकर

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, तेव्हा आमच्याकडं घाटावर गहू सोंगायला आलेला होता. मार्चअखेरीस बुलढाण्यात कोरोनानं माणूस दगावल्याची बातमी आली आणि मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावानं वेशीवर बोराट्या आडव्या टाकल्या. आम्ही पुण्याहून आलेले पाच जण त्याआधीच घरी पोचलो होतो. सहा माणसांच्या चुलीवर अकरा जण जेवू लागले.

आबांच्या ताटात फरक पडला नाही. दोन भाकरी, वरण, दुधाची वाटी. आधी आबा, मग आम्ही, मग सुना, शेवटी आजी. हे नेहमीचंच, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. सोमवार-एकादशी ती धरायचीच. त्या उन्हाळ्यात गुरुवार आणि शनिवार वाढले. विचारलं तर म्हणे, "मले भूकच नाही रे बापा. या वयात कायले लागते?" आबा तिच्याहून आठ वर्षांनी मोठे, त्यांच्या वयाला मात्र लागत होतं. आणि मीही पोटभर जेवत होतो, तेही लिहिलं पाहिजे.

सवय जुनी होती. १९७२ च्या दुष्काळात दोघंही खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. आबा तिथंच खात, आजी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणी.

वस्तीतल्या मावशीचं वेगळं. सत्तरीची, एकटी. दरवर्षी सोंगणीमागं सरवा वेचून ती चार-दोन पायल्या गहू-हरभरा जमवायची. त्या वर्षी कुणी वावरात पाय ठेवू देईना. आमच्याही वावरातून तिला परत पाठवलं. एप्रिलपासून रेशनवर नेहमीच्या धान्याशिवाय माणशी ५ किलो तांदूळ फुकट मिळाला, त्यानं ती तगली. पण जन्मभर ज्वारी खाल्लेली बाई. "भातानं पोट भरते, पण राती जाग येते" म्हणायची. जुलैपासून त्यात ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ झाले. ज्वारी नव्हतीच.

मे महिन्यात एकदा आजीनं फडक्यात दोन भाकरी बांधून दिल्या. "मावशीले दे. आबाले सांगू नको."

मावशीनं दुरूनच ओट्यावर ठेवायला सांगितल्या. अंतर राखणं तिला काही कोरोनानं शिकवलं नव्हतं. फडकं सोडलं, भाकरी बघितल्या.

"तुही आजी जेवली का?"

मी हो म्हणालो.